अडगळीच्या खोलीतील कागद

घरात जुने कागद साठले की आपण काय करतो? वर्तमानपत्रे रद्दीवाल्याला देतो. वाणसामानाची जुनी यादी चुरगळून टाकतो. पण एखाद्या कागदावर अल्लाहचे नाव किंवा कुरआनची आयत दिसली, तर आपला हात थांबतो. तो कागद पायदळी येऊ नये म्हणून आपण तो उंच जागी ठेवतो. मशिदीतील जीर्ण पाने साठवून पुढे आदराने पुरतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. ही रीत तुम्ही आपल्या घरात पाहिलीच असेल.

यहुदी लोकांतही अशीच रीत आहे. त्यांची धर्मभाषा हिब्रू. उर्दूत आपण तिला इब्रानी म्हणतो. ज्या कागदावर देवाचे नाव आहे तो फाडायचा नाही, जाळायचा नाही, असा त्यांचा नियम. असे कागद आधी एका खोलीत जमा करतात आणि मग कबरस्तानात पुरतात. त्या खोलीला ‘गेनिझा’ म्हणतात. फारसीतील ‘गंज’, म्हणजे खजिना, या शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. काही अभ्यासकांना याच वेळी अरबीतील ‘जनाजा’ हा शब्दही आठवतो. खजिना आणि दफन, दोन्ही अर्थ या खोलीला शोभतात.

इजिप्तमध्ये, ज्याला आपण मिस्र म्हणतो, फुस्तात नावाचे शहर होते. हजरत अम्र बिन आस यांनी ते इ. स. ६४१ मध्ये वसवले. पुढे ९६९ साली त्याच्या शेजारी काहिरा, म्हणजे कैरो, हे नवे शहर उभे राहिले. आज फुस्तात हा कैरोचाच एक जुना भाग आहे. तेथे यहुदी लोकांचे बेन एझ्रा नावाचे प्रार्थनागृह आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर एक बंद खोली होती. तिला दार नव्हते. भिंतीत उंचावर एक भोक होते आणि शिडी लावून त्यातून आत कागद टाकत. हे काम शेकडो वर्षे चालू राहिले. कागद पुरायला न्यायचे मात्र बहुधा राहूनच गेले! मिस्रची हवा अतिशय कोरडी, त्यामुळे कागद कुजलेही नाहीत. कोणाच्या तरी आळसामुळे इतिहासाचा असा फायदा झाल्याची उदाहरणे फार थोडी असतील.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. खोलीत फक्त धर्मग्रंथ पडले असते, तर ती खोली फक्त यहुदी धर्माच्या अभ्यासकांच्या कामाची ठरली असती. पण त्या काळी साधे पत्रसुद्धा देवाच्या नावाने सुरू होई. करारनाम्यात देवाचे नाव असे. शिवाय लोकांना हिब्रू अक्षरांबद्दलच आदर वाटे. म्हणून व्यापाऱ्यांची पत्रे, जमाखर्च, निकाहनामे, तलाकनामे, कर्जाचे कागद, औषधांचे नुसखे, शिक्षकांनी पालकांना पाठवलेल्या चिठ्ठ्या, मुलांची अक्षरओळखीची पुस्तके असे सगळेच त्या भोकातून आत गेले. कागद जपण्याचे कारण धार्मिक होते. जपला गेला तो मात्र साऱ्या शहराचा संसार, आणि त्या शहरात मुसलमान होते, ख्रिस्ती होते, यहुदीही होते.

हा साठा जगासमोर आला तो दोन बहिणींमुळे. ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या स्कॉटलंडच्या जुळ्या बहिणी केंब्रिज येथे राहत. दोघी विधवा होत्या आणि दोघींना अनेक भाषा येत. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे. ती त्यांना मिळू लागली १९४८ साली! पण या बहिणींनी अरबी आणि सुरयानी भाषा शिकून उंटावरून सिनाईच्या वाळवंटापर्यंत प्रवास केले होते. १८९६ साली पूर्वेकडील प्रवासात त्यांनी काही जुनी हस्तलिखित पाने विकत घेतली. परत आल्यावर ती त्यांनी केंब्रिजमधील हिब्रूचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांना दाखवली. त्यांतील एक पान पाहून शेख्टर थक्क झाले. बेन सीरा नावाच्या एका प्राचीन ग्रंथाचे ते पान होते. या ग्रंथाची भाषांतरे ठाऊक होती, पण मूळ हिब्रू पाठ हरवला आहे असेच सर्व जण मानत.

त्याच वर्षाच्या शेवटी शेख्टर कैरोला गेले. चार्ल्स टेलर नावाच्या विद्वानाने प्रवासाचा खर्च उचलला. कैरोच्या मुख्य धर्मगुरूंनी परवानगी दिली. मग शेख्टर त्या खोलीत उतरले आणि कित्येक दिवस धुळीत बसून कागद निवडत राहिले. त्यांनी केंब्रिजला आणलेल्या लहानमोठ्या तुकड्यांची संख्या सुमारे १,९३,००० आहे. त्यांच्या आधी आणि नंतरही बरेच कागद इतर शहरांत गेले. सगळे मिळून चार लाखांच्या आसपास तुकडे असावेत असा अंदाज आहे.

शेख्टर यांचे लक्ष धर्मग्रंथांवर होते. व्यवहाराचे कागद त्यांना तितके मोलाचे वाटले नाहीत. ते साहजिकच होते, कारण ज्याला जे हवे तेच त्याला आधी दिसते. बाजूला राहिलेले कितीतरी तुकडे ग्रंथालयात पेट्यांमध्ये पडून होते. ते १९५० नंतर उघडले गेले. हे काम हाती घेणारे गोइटाइन हे मुळात अरबी आणि इस्लामी इतिहासाचे अभ्यासक होते. ते १९०० साली जर्मनीत जन्मले. त्यांचा पदवीचा प्रबंध कुरआनमधील प्रार्थनेविषयी होता. बलाजुरी या अरब इतिहासकाराच्या ग्रंथाचा एक भागही त्यांनी संपादित केला होता. शेजारच्या विषयाचे ज्ञान घेऊन आलेल्या या माणसाला रद्दीत सोने दिसले. ‘अ मेडिटरेनियन सोसायटी’ हा त्यांचा पाच भागांचा ग्रंथ १९६७ ते १९८८ या काळात प्रसिद्ध झाला. शेवटचा भाग पाहायला ते राहिले नाहीत. १९८५ साली त्यांचे निधन झाले.

या कागदांची भाषा कोणती? लिपी हिब्रू, पण भाषा बहुतेक वेळा अरबी! फुस्तातचे यहुदी घरात आणि बाजारात अरबी बोलत. लिहिताना मात्र लहानपणी शिकलेली हिब्रू अक्षरे वापरत. तुम्हांला यात नवल वाटू नये. केरळमध्ये मुसलमानांनी मलयाळम भाषा अरबी अक्षरांत लिहिली आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण उर्दू गाणे वहीत देवनागरीत उतरवून घेतात.

याच गोष्टीचा अरबी भाषेच्या अभ्यासाला मोठा उपयोग झाला. तो कसा, हे आपल्याच उदाहरणावरून पाहू. उर्दूत सीन, साद आणि से ही तीन अक्षरे आहेत. बोलताना आपण तिन्हींचा उच्चार ‘स’ असाच करतो. पुस्तकात मात्र प्रत्येक शब्द ठरलेल्या अक्षरानेच लिहावा लागतो. समजा, एखाद्या मुलाने कानाला ऐकू येते तसे उर्दू वाक्य देवनागरीत लिहिले. तो तिन्ही ठिकाणी ‘स’ लिहील. पाचशे वर्षांनी तो कागद कोणाला सापडला, तर त्या काळचे लोक ही अक्षरे सारखीच उच्चारत होते हे त्याला लगेच कळेल. शुद्ध छापील पुस्तकातून ते कळणार नाही. गेनिझातील पत्रांचेही तसेच आहे. अरब विद्वान व्याकरणाचे सर्व नियम पाळून लिहीत. पण घाईत पत्र लिहिणारा व्यापारी बोलीतले शब्द आणि बोलीतली वाक्ये लिहून जाई. त्यामुळे हजार वर्षांपूर्वीची बोलती अरबी आज अभ्यासता येते. तुमच्या निबंधातील चुकांना मी लाल शाईने खुणा करतो, पण भाषेच्या इतिहासकाराला अशाच चुका प्रिय असतात. (परीक्षेत मात्र हे कारण चालणार नाही.)

भाषेचे झाले. आता इतिहासाकडे वळू. मिस्रवर ९६९ ते ११७१ या काळात फातिमी खलिफांचे राज्य होते. त्यांच्या दरबारातून रोज फर्माने निघत. लोक अर्ज करत, अर्जांवर हुकूम होत. पण त्या सरकारचे दप्तर आज शिल्लक नाही. मग फातिमी राज्यकारभार अभ्यासायचा कसा? उत्तर पुन्हा त्याच खोलीत सापडले. फातिमी फर्मान म्हणजे लांबच लांब गुंडाळी असे. दोन ओळींमध्ये चांगली वीतभर जागा कोरी सोडत. तो राजेपणाचा थाट होता. पुढे ही जुनी फर्माने कापून त्यांचे तुकडे कागद म्हणून वापरले गेले. प्रार्थनागृहातील कोणी तरी त्या कोऱ्या जागेत हिब्रू मजकूर लिहिला आणि काम झाल्यावर तो तुकडा गेनिझात टाकला. हिब्रू मजकूर जपायचा म्हणून जपलेल्या कागदावर खलिफाचा अरबी हुकूमही जपला गेला.

बराच काळ हिब्रूच्या अभ्यासकांनी आपली बाजू वाचली आणि अरबी ओळींकडे दुर्लक्ष केले. सॅम्युएल स्टर्न यांनी १९६४ साली फातिमी फर्मानांवर पुस्तक काढले. १९९३ साली जेफ्री खान यांनी अरबी लिपीतील कायद्याचे आणि कारभाराचे कागद प्रसिद्ध केले. मरीना रुस्तो यांचे पुस्तक २०२० साली आले. मध्ययुगातील मुसलमान राज्ये कागदपत्रे नीट सांभाळत नसावीत, असा एक समज इतिहासकारांत होता. दप्तर सापडत नाही, म्हणून ते नव्हतेच, असा तो तर्क होता. रुस्तो यांनी फर्मानांच्या तुकड्यांवरून दाखवले की अर्ज, हुकूम आणि नोंदी यांची शिस्तशीर व्यवस्था होती. ती चालवणारे लेखनिक कसलेले होते. माझ्या मते गेनिझाचे हे फार मोठे देणे आहे. एका समाजाने टाकून दिलेल्या कागदांमुळे दुसऱ्या समाजाबद्दलचा चुकीचा समज दूर झाला.

आता आपण समुद्राकडे जाऊ, कारण या कागदांत आपला देशही आहे. अब्राहम बेन यिजू नावाचा एक यहुदी व्यापारी होता. तो मूळचा आजच्या ट्युनिशियातील महदिया शहराचा. तो एडनमार्गे हिंदुस्थानात आला आणि ११३२ ते ११४९ या काळात बहुतेक वेळ मंगळूर येथे राहिला. गोव्याच्या दक्षिणेला हाच किनारा धरून गेले की मंगळूर लागते. तेथे त्याचा काशाची भांडी बनवण्याचा कारखाना होता. एडनचे व्यापारी त्याच्याकडे जुनी फुटकी भांडी पाठवत आणि ती वितळवून नवी अशी अशी करून द्या, असे पत्रात सविस्तर लिहीत. मंगळूरहून मिरे, सुंठ, वेलदोडे, सुपारी आणि लोखंड जाई. एडनहून त्याच्यासाठी साखर, मनुका आणि कागद येत.

कागद का? कारण तेव्हा आपल्या किनाऱ्यावर कागद सहज मिळत नसे. इथे ताडपत्रावर लिहीत. म्हणून बेन यिजू आलेल्या पत्राची मागची बाजूही वाया घालवत नसे. तिथे तो हिशेब मांडी, कधी कविता लिही. एकाच कागदावर पुढे एडनच्या मित्राचे पत्र आणि मागे मंगळूरचा जमाखर्च, असे हे दस्तऐवज आहेत. तो परत गेला तेव्हा हे कागद सोबत घेऊन गेला आणि अखेर ते फुस्तातच्या त्या खोलीत पडले. हिंदुस्थानात राहिले असते, तर आपल्या पावसाने आणि वाळवीने त्यांची माती केली असती.

या पत्रांत जहाजाच्या मालकाला ‘नाखुदा’ म्हटले आहे. कोकणातील ‘नाखवा’ हा त्याचाच भाऊ. सुपारीला अरबीत ‘फूफल’ म्हणतात. संस्कृत ‘पूगफल’ फारसीतून तिकडे गेला. कोकणात सुपारीच्या झाडाला आपण ‘पोफळ’ म्हणतो, तोही त्याच शब्दापासून आला. एकाच बंदरात किती भाषा नांदत होत्या, हे या एवढ्याशा शब्दांतून दिसते.

या पत्रांत हिंदू, मुसलमान आणि यहुदी व्यापारी एकमेकांचा माल नेतात, एकमेकांना सलाम सांगतात. एडनमधील व्यापाऱ्यांचा प्रमुख मदमून हा बेन यिजूला लिहितो की मंगळूरच्या अमुक अमुक हिंदी व्यापाऱ्यांना माझा सलाम सांग आणि मिरे, लोखंड घेऊन जहाज पाठवायला सांग. साध्या माणसांची नावेही यात येतात. आशू नावाच्या एका गुलाम मुलीला बेन यिजूने १७ ऑक्टोबर ११३२ रोजी मुक्त केले. तो कागद उपलब्ध आहे. पुढे तिच्याशीच त्याचे लग्न झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा एक हिंदी सेवक मालकाच्या वतीने एडनपर्यंत जाऊन खरेदीविक्री करी. लेखक अमिताव घोष यांनी या सेवकाचा माग काढला. त्याचे नाव बोम्मा असावे आणि तो तुळू प्रदेशातला असावा, असे त्यांनी दाखवले. त्यासाठी ते हिब्रू लिपीतील अरबी वाचायला शिकले. मिस्रच्या खेड्यात राहून शिकलेली बोली त्यांना इथे उपयोगी पडली. त्यांचे ‘इन अ‍ॅन अँटिक लँड’ हे पुस्तक १९९२ साली प्रसिद्ध झाले. कोणत्याही राजाच्या बखरीत आशू आणि बोम्मा यांना जागा मिळाली नसती.

अशी पत्रे खरी कशावरून, असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. इतिहासकार एका साक्षीदारावर विसंबत नाही. तो दुसरा शोधतो. त्याचे एक सुंदर उदाहरण म्हणजे सिराफचा रामिश्त. हा इराणच्या किनाऱ्यावरचा अतिशय श्रीमंत मुसलमान व्यापारी होता. ११३५ साली किश बेटाच्या अमीराने एडनवर जहाजे पाठवली आणि सुमारे दोन महिने बंदराची कोंडी केली. तेवढ्यात रामिश्तची दोन मोठी जहाजे येऊन पोहोचली आणि हल्लेखोरांना पळावे लागले. हा प्रसंग एडनच्या यहुदी व्यापाऱ्यांनी पत्रांत लिहिला आहे. आता दुसरा साक्षीदार पाहा. अरब इतिहासकार इब्न असीर सांगतो की हिजरी ५३२, म्हणजे इ. स. ११३७-३८ मध्ये, काबा शरीफचा गिलाफ याच रामिश्तने स्वखर्चाने चढवला. मक्केत त्याने मुसाफिरांसाठी रिबात बांधले होते आणि त्याचा शिलालेख सापडला आहे. यहुदी पत्र, मुसलमान इतिहासकार आणि मक्केचा दगड या तिघांची साक्ष एकमेकांना जुळली. अरबी इतिहासातून रामिश्तचे दातृत्व कळले होते. त्याची दौलत समुद्रावर कशी फिरत होती, हे यहुदी पत्रांनी सांगितले.

वैद्यकाच्या आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासालाही या खोलीने पुष्कळ दिले. मुसा बिन मैमून हे यहुदी विद्वान आणि हकीम ११३८ साली कुर्तुबा येथे जन्मले आणि पुढे फुस्तातला राहिले. त्यांनी अरबीत वैद्यकाचे ग्रंथ लिहिले. त्यांच्या हातचे कच्चे मसुदे गेनिझात सापडले. कोणते वाक्य त्यांनी खोडले आणि त्याऐवजी काय लिहिले, हे आज पाहता येते. शिवाय त्याच साठ्यात हिब्रू अक्षरांत उतरवलेला कुरआनचा मजकूर, सूफी कविता आणि ‘कलीला व दिमना’ची पानेही आहेत. पंचतंत्रातील गोष्टी फारसीतून अरबीत गेल्या, हे तुम्ही वाचले असेल. त्याच गोष्टी यहुदी मुलांपर्यंतही पोहोचल्या होत्या, असे मानायला ही पाने पुरेशी आहेत. शेजाऱ्यांची पुस्तके लोक आपल्या लिपीत उतरवून वाचत होते.

मुसा बिन मैमून यांचा धाकटा भाऊ दाऊद व्यापार करी आणि त्याच्या कमाईवर सारे घर चाले. ११७० च्या सुमारास तो वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्राच्या काठी ऐजाब बंदरात पोहोचला. वाटेत काफिल्याशी त्याची चुकामूक झाली होती. बंदरात घेण्याजोगा माल नव्हता. म्हणून त्याने थेट हिंदुस्थानला जायचे ठरवले आणि भावाला पत्र लिहिले. ज्याने मला वाळवंटातून वाचवले तोच समुद्रावरही वाचवील, काळजी करू नकोस, घरच्यांना धीर दे, असा त्याचा आशय आहे. दाऊद हिंदी महासागरात बुडाला. ही बातमी कळल्यावर त्याचा भाऊ सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळून होता. ते पत्र आज केंब्रिजच्या ग्रंथालयात आहे. त्याच्या कडा फाटल्या आहेत, पण अक्षर वाचता येते.

गेनिझाचे काम अजून पुरे झालेले नाही. एकाच पत्राचा वरचा भाग एका देशात आणि खालचा दुसऱ्या देशात, असे पुष्कळ वेळा घडले आहे. आता बहुतेक तुकड्यांची छायाचित्रे संगणकावर पाहता येतात आणि दूरदूरचे अर्धे भाग पडद्यावर शेजारी ठेवून जोडले जातात. त्या दोन जुळ्या बहिणींकडचे सुमारे १,७०० तुकडे २०१३ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांनी मिळून विकत घेतले. मात्र हे तुकडे वाचायला अरबी, हिब्रू आणि बोली अशा तिन्हींची जाण असलेला माणूस लागतो. असे वाचक जगात थोडेच आहेत आणि कितीतरी तुकडे अजून त्यांची वाट पाहत पडले आहेत.